तालमीतून ध्यानाकडे : स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र



यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, असा आग्रह मंडळाच्या चिटणीसांनी केला, तेव्हा चरित्रनायक शोधण्यास मला फारसे श्रम पडले नाहीत. गेल्या दिवाळीत सेनगावातीलच आपल्या ज्ञातीचे एक गृहस्थ माझ्या घरी आले होते. त्यांचा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी तीन वर्षे पुण्यास राहून नुकताच परतला होता. अंगाने धडधाकट, बुद्धीने हुशार; परंतु चारचौघांत मान वर करून बोलेना, रात्र रात्र झोपेना. याला तालमीत घालावे की ध्यानास बसवावे, असा त्या पित्याचा प्रश्न होता. प्रथम डॉक्टरांस दाखवा, एवढेच मी त्या वेळी सांगितले; आणि ते सांगणे योग्यच होते असे मला आजही वाटते. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. शाळेत पस्तीस वर्षे मुलांकडून कवायत करवून घेतलेल्या माझ्यासारख्यास तो नवा नव्हता. शंभर जोर काढणारा मुलगा व्यासपीठावर उभा राहताच घामाघूम होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाहूंतील बळ मनात उतरतेच असे नाही. ते कसे उतरवावे, याचा शोध ज्यांनी स्वतःच्या देहावर घेतला व पुढे प्रयोगशाळेत तपासून पाहिला, ते स्वामी कुवलयानंद आजच्या लेखाचे चरित्रनायक होत.

स्वामींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे एका मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती गरिबीची होती. तथापि मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयातील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. (त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळविणाऱ्याकडे लोक वळून वळून पाहत असत.) पुढे बडोदे कॉलेजात ते शिकू लागले. श्री अरविंद त्या काळी बडोद्यासच अध्यापन करीत. त्यांच्या विचारांचा व लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा या तरुणाच्या मनावर खोल परिणाम झाला, आणि विद्यार्थिदशेतच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व देशसेवेचे व्रत घेतले.

व्रत घेणे सोपे. ते पेलणारा देह व मन घडविणे कठीण. त्यासाठी त्यांनी जो गुरू निवडला तो कोणी संन्यासी नव्हता, तर आखाड्यातील वस्ताद होता. बडोद्याची जुम्मादादा व्यायामशाळा त्या काळी प्रसिद्ध होती आणि जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव ती चालवीत. आपल्या आखाड्यास स्वतःचे नाव न देता गुरूचे नाव देणारा हा पुरुष होता, यावरूनच त्यांची योग्यता कळावी. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम अशा देशी विद्या तेथे शिकविल्या जात. मोडलेली हाडे बसविण्यातही माणिकरावांचा हातखंडा होता. शेकडो मुलांना एका वेळी, एका तालात व्यायाम करावयास लावणारी सांघिक पद्धत त्यांनी रूढ केली आणि तिच्या आज्ञा इंग्रजीत न ठेवता देशी भाषेत दिल्या. 1907 पासून 1910 पर्यंत, म्हणजे ऐन पंचविशीत, गुणे यांनी माणिकरावांच्या हाताखाली शिक्षण घेतले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्या जिल्ह्यात आखाडा बाळापूर नावाचे गाव आहे. त्या नावाचा इतिहास काहीही असो, पूर्वी आखाडा ही वस्तू गावोगाव होती आणि तिचे मोल केवळ पिळदार दंडांत नव्हते. प्रतिपक्षाची लाठी डोक्यावर येत असता ज्याची नजर ढळत नाही, त्यालाच ती अडविता येते. मल्लखांबावर उलटा लटकलेला मुलगा मनात दुसरा विचार आणू लागला की त्याची पकड सुटते. म्हणजे चित्त एकाग्र करण्याचा पहिला धडा तालमीतही मिळतो. फक्त त्याला ध्यान हे नाव कोणी देत नाही. गुण्यांच्या चरित्राकडे पाहता मला तरी असेच वाटते की, आखाड्यातील ती तीन वर्षे त्यांच्या योगसाधनेची पूर्वतयारीच होती.

पुढे ते खानदेशात अंमळनेरला गेले. 1916 पासून तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत त्यांनी अध्यापन केले आणि 1921 मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. परंतु राष्ट्रीय वृत्तीच्या या महाविद्यालयावर इंग्रज सरकारची वक्रदृष्टी होती. 1923 साली ते बंद पडले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर आमचे चरित्रनायक बेकार झाले.

तथापि दरम्यान त्यांच्या आयुष्यास दुसरे वळण लागून गेले होते. नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे बंगाली योगी राहत. 1919 च्या सुमारास गुणे त्यांच्या सान्निध्यात आले व त्यांनी हठयोगाचे शिक्षण घेतले. देह आधीच कमावलेला, त्यामुळे आसने व बंध त्यांस लवकर साधले असतील. पण येथे एक जुनी सवय मोडावी लागते. जोर काढताना स्नायूंना पुन्हा पुन्हा ताण द्यावयाचा असतो. आसनात तसे नाही. शरीर एका स्थितीत नेऊन तेथे सुखाने स्थिर राहावयाचे, श्वास कोंडू द्यावयाचा नाही, झटका देऊन काही करावयाचे नाही. तालमीतील गडी आसन करावयास लागला की बहुधा तेही जोरानेच करतो. मीही आरंभी तसेच केले आणि कंबर धरून पंधरा दिवस अंथरुणावर पडलो. ताण शिगेस नेणे आणि ताण सोडून देणे या दोन विद्या भिन्न आहेत. कुवलयानंदांना दोन्ही अवगत होत्या, म्हणूनच त्यांच्या लेखनात हा भेद इतका स्पष्ट उतरला आहे. आसनांचे त्यांनी दोन वर्ग केले : एक शरीर घडविणारी आणि दुसरी ध्यानास बसण्यासाठी असलेली. पहिल्या वर्गातील आसनांनी पाठीचा कणा व मज्जासंस्था निरोगी राहावी आणि मग दुसऱ्या वर्गातील आसनांत मनुष्याने निश्चल बसावे, असा तो क्रम आहे.

मात्र गुरूंच्या जवळ जे अनुभवास आले ते श्रद्धेने स्वीकारून गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हे खरे आहे तर मोजता आले पाहिजे, अशी त्यांची वृत्ती. 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान बंध व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. नौली करून योगी पाण्यात बसला म्हणजे कोणत्याही उपकरणावाचून पाणी आतड्यात चढते, हे लोकांना मोठे गूढ वाटे. कुवलयानंदांनी दाब मोजण्याचे यंत्र लावून दाखविले की, नौलीत पोटाचे स्नायू विशिष्ट रीतीने आकसले असता मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होते आणि त्यामुळे पाणी वर ओढले जाते. चमत्कार नाहीसा झाला, क्रिया मात्र उरली. या निर्वात स्थितीस त्यांनी गुरूंचे, म्हणजे माधवदासांचे, नाव दिले. माणिकरावांचा शिष्य शोभला!

1924 साली विजयादशमीच्या सुमुहूर्तावर त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. हिंगोलीचा दसरा पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हा मुहूर्त विशेष वाटावा. शस्त्रपूजनाच्या दिवशी या आखाड्याच्या शिष्याने आरंभ केला तो ध्यान व प्रयोग यांच्या आश्रमाचा. त्याच वर्षी संशोधनास वाहिलेले योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिकही सुरू झाले. त्या समयी त्यांचे वय 41 वर्षांचे होते.

त्यांच्या सचोटीचे एक उदाहरण दिल्यावाचून पुढे जाववत नाही. प्राणायामाने शरीरास नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हाही सर्वत्र होता आणि आजही अनेक शिबिरांतून ऐकू येतो. कुवलयानंदांनी श्वासाची रासायनिक तपासणी केली, तेव्हा या समजास आधार मिळाला नाही. दुसऱ्या कोणी ती गोष्ट झाकून ठेवली असती. त्यांनी ती छापली आणि प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या संस्कारात आहे, असे प्रतिपादन केले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे बेहनन नामक संशोधक त्यांच्याकडे येऊन योग शिकले व पुढे 1937 साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. महात्मा गांधींनीही 1927 मध्ये प्रकृतीच्या तक्रारींसंबंधी त्यांचा सल्ला घेतला होता. असो, थोरांची नावे घेऊन लेख लांबविण्यात अर्थ नाही.

आम्हा शिक्षकांवर त्यांचे एक वेगळेच ऋण आहे. 1937 साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्यानंतर 1938 मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. शाळेत कवायत, देशी खेळ व आसने एकाच तासिकेत नांदू लागली, त्यामागे अशा प्रयत्नांचा मोठा वाटा आहे. आमच्या मराठवाड्यात तेव्हा निजामाचा अंमल असल्याने हे वारे येथवर उशिरा पोहोचले.

1951 च्या सुमारास लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले, पुढे रुग्णालयही झाले. तेथे रोग्याची वैद्यकीय तपासणी करून मगच योगोपचार दिले जात. 18 एप्रिल 1966 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, स्वामींनी देह ठेवला.

आता त्या मुलाविषयी. डॉक्टरांचे औषध चालू आहे. त्याबरोबर तो पहाटे माझ्यासोबत शाळेच्या मैदानावर येतो. आधी लाठीचे हात, घाम येईपर्यंत. मग थोडी आसने. आणि शेवटी दहा मिनिटे डोळे मिटून बसणे. पहिला महिनाभर ती दहा मिनिटे त्याला सर्वांत जड गेली. चारचौघांत तो अजून फारसे बोलत नाही. झोप मात्र लागू लागली आहे, असे त्याची आई परवा सांगत होती.