मोजेविणकर जेम्स पॅटन

स्कॉटलंडमध्ये डंफ्रीसजवळ टॉर्थरवाल्ड हे लहानसे खेडे. एकोणिसाव्या शतकात जेम्स पॅटन तेथे मागावर मोजे विणीत. घराच्या एका टोकास स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकास माग. मधली चिंचोळी खोली त्यांनी प्रार्थनेसाठी राखली होती. अकरा मुलांच्या घरात ही चैनच म्हणायची! दार लागले की मुले पाय न वाजवता जात. दर रविवारी चार मैल चालून ते रिफॉर्म्ड प्रेस्बिटेरियन उपासनेस जात. चाळीस वर्षांत खाडे अवघे तीन, त्यांतला एक पटकीच्या साथीमुळे.

थोरला जॉन, जो पुढे १८५८ मध्ये न्यू हेब्रिडीज बेटांवर मिशनरी म्हणून गेला, शिक्षणासाठी ग्लासगोला पायी निघाला तेव्हा वडील सहा मैल सोबत चालले. निरोपानंतर वळणापलीकडे जाऊन जॉनने बांधावर चढून पाहिले. वडीलही त्याच्यासाठी बांधावर चढले होते. तो त्यांना दिसला नाही.