रविवार मिळाला, भरपाई राहिली : नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट

धार/देवास : पीथमपूर असो की देवास, कारखान्यात कुणाचा हात मशीनमध्ये गेला की घरच्यांची पहिली धाव दवाखान्याकडे असते आणि दुसरी कागदांमागे. त्या दिवशी हजेरी लागली होती का, पगाराची पावती कुठंय, पाहणारं कोण होतं, डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलंय. ठेकेदाराकडच्या माणसाचं तर कारखान्याच्या रजिस्टरात कित्येकदा नावच सापडत नाही. जखमी कामगाराला मालकाने भरपाई द्यावी, ही मागणी आपल्या देशात ज्यांनी अगदी सुरुवातीला लेखी मांडली, त्यात नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव पुढे आहे. लोक मात्र त्यांना ओळखतात ते रविवारच्या सुटीमुळे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं, मग रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. ही नोकरी चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, पण महत्त्वाची तीच आहे. स्टोअरकीपर म्हणजे हिशेबाचा माणूस. नोंद नसली तर माल आलाच नाही असं धरतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. १८८० पासून ‘दीनबंधू’ हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं आणि गिरणीतली हकिकत छापील कागदावर येऊ लागली.

त्या काळी गिरणी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. १८८१ चा फॅक्टरी कायदा आला होता. त्यात धोकादायक यंत्रांना कुंपण घालणं आणि अपघात सरकारला कळवणं एवढं होतं, जखमी माणसाच्या हाती काही पडत नव्हतं. कामावर कुणी मेला तर वारसांना १८५५ च्या कायद्याने कोर्टात जाता येई खरं, पण मालकाची चूक त्यांनीच सिद्ध करायची. साक्षीदार त्याच गिरणीत रोजंदारीवर. मालकाविरुद्ध तोंड उघडून दुसऱ्या दिवशी कामावर जायची कुणाची टाप?

१८८४ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं. कामगारांचं म्हणणं त्याच्यासमोर जायचं तर ते आधी कागदावर हवं होतं. लोखंडे यांनी सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवल्या, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. एकटा साक्षीदार दबतो, साडेपाच हजारांना कामावरून काढलं तर गिरणीच बंद पडेल. असोसिएशनला ना वर्गणी होती ना नियम, त्यामुळे तिला युनियन म्हणावं की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. घालोत बापडे. सह्या तर खऱ्या होत्या!

अर्जात रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेची मर्यादा आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार एवढं मागितलं होतं. आणखी एक कलम होतं. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

पुढे सहा वर्षं रेटा चालू राहिला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या कमिशनच्या मुंबईतल्या कामात सरकारने लोखंडे यांनाही घेतलं. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुटी आणि बायकांच्या कामाला ११ तासांची मर्यादा आली, पण जखमींचं कलम तसंच राहिलं. सुटीने मालकाचा एक दिवस जातो. अपंग कामगाराला पोसायचं म्हटलं की खर्चाला शेवट नाही. कलम का राहिलं, याचा अंदाज यावरून करता येतो.

१८९३ च्या दंगलीनंतर सलोख्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत लोकांना एकत्र आणलं. १८९५ मध्ये रावबहादूर झाले. मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णांसाठी दवाखाना उभारला, आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनेच ते गेले. वय पन्नासही नव्हतं.

अर्जातलं ते कलम कायद्यात यायला १९२३ साल उजाडलं. १ जुलै १९२४ पासून वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट अमलात आला. आता मालकाची चूक दाखवायची गरज उरली नाही. अपघात कामावर आणि कामामुळे झाला, एवढं दाखवलं की पुरे. तेव्हापासून हजेरीपटाला आणि पगाराच्या नोंदीला वजन आलं.

पण हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. बऱ्हाणपूर मध्य प्रांतात, म्हणून तिथल्या कामगाराला तो मिळाला. नर्मदा ओलांडून धारला आलं की पवारांचं संस्थान सुरू, आणि देवासात तर थोरली पाती, धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं. तिथे तो कायदा आपोआप लागू होत नव्हता.