जोतीरावांचे घोंगडे

पुण्याच्या मार्केट यार्डात भल्या पहाटे गेले की माणसे कपड्यांवरून ओळखता येतात. गाळ्यावरचा आडत्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, माल आणणारा शेतकरी मळक्या सदऱ्यात, तर पाठीवर पोते घेतलेला हमाल घामाने भिजलेल्या बंडीत. कोणाचा मान किती, हे तोंड उघडण्याआधीच ठरलेले असते. अशा वेळी आम्हांला महात्मा जोतीराव फुले आठवतात.

१८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवीत म्हणून ते फुले झाले. त्या पेशवाईत शालजोडी, जरीचा शेला आणि पागोटे यांवर माणसाची प्रतिष्ठा मोजली जाई. महिनोन्‌महिने मागावर बसून पैठणी विणणाऱ्या कारागिराला मात्र तो मान कधी मिळाला नाही. जोतीरावांना उंची वस्त्रे परवडत नव्हती असे नाही. खडकवासला धरणाच्या कामाला दगड पुरवणारे ते कंत्राटदार होते. तरीही १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी लंगोटीतल्या कुणब्याची बाजू घेतली.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली. सारे निमंत्रित रेशीम, जरी आणि जडजवाहिरांनी मढून आले. जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडे टाकून गेले. हे दागदागिने म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यांत उघडीनागडी आहे, तिला शिक्षण द्या, असे त्यांनी राजपुत्राला तोंडावर सुनावले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली.

जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आमच्या आयाबहिणींना जातीची ओळख सांगणारे लुगडे नेसणे आणि दागिने सोडून नीटनेटके राहायला सांगितले. एकाने घोंगडे पांघरले, दुसऱ्याने सूट घातला. वरवर हे उलट वाटेल. पण कपड्यावरून माणसाची पायरी ठरवणारी व्यवस्था दोघांनीही झुगारली.

मग आमच्याच जयंती-स्मृतिदिनांच्या व्यासपीठांवर शालींचा ढीग का पडतो? आणि सतरंज्या टाकणारा, खुर्च्या वाहणारा कार्यकर्ता शेवटच्या रांगेत उभा का असतो? येत्या २८ नोव्हेंबरला, जोतीरावांच्या स्मृतिदिनी, शाली बाजूला ठेवू या. मार्केट यार्डातल्या हमालाला पहिल्या रांगेत बसवू या. तेच खरे अभिवादन ठरेल.