ऐंशी घरांचा पट

बुद्धिबळाचा पट तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. त्याची घरे मोजून पाहिली तर ती चौसष्ट भरतात. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी असे प्रत्येक बाजूचे सैन्य असते. हा खेळ आपल्या देशातून इराणात गेला, तेथून अरबांकडे आणि पुढे युरोपात पोहोचला. एवढ्या प्रवासात त्याचे नियम पालटले, मोहऱ्यांची नावे पालटली. परंतु सर्वत्र रूढ झाला तो चौसष्ट घरांचाच पट. ही घरे आता अपुरी पडणार, असे एका माणसाला वाटू लागले. तो कोणी नवशिका नव्हता. त्या खेळाचा जगज्जेता होता. होसे राऊल कापाब्लांका हे त्याचे नाव.

कापाब्लांकाचा जन्म १९ नोव्हेंबर १८८८ रोजी क्यूबा बेटावरील हवाना शहरात झाला. क्यूबावर त्या वेळी स्पेनचे राज्य होते आणि त्याचे वडील स्पेनच्या सैन्यात अधिकारी होते. चार वर्षांचा असताना तो वडिलांचा खेळ पाहत बसे. त्याला कोणी शिकविले नव्हते. एकदा वडिलांनी घोडा भलत्याच घरात नेला, ते या मुलाच्या ध्यानात आले आणि त्याने ते बोलून दाखविले. वडिलांना त्याचे म्हणणे पटेना. तेव्हा तो स्वतःच पटापाशी बसला आणि त्याने वडिलांना हरविले. ही हकीकत त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

१९०१ साली, तुमच्याएवढा असताना, तो क्यूबातील नामवंत खेळाडू हुआन कोर्सो याच्याशी सामना खेळला. सामना चालू असतानाच त्याला तेरावे वर्ष पुरे झाले. चार डाव जिंकून त्याने तो सामना खिशात घातला. पुढे शिक्षणासाठी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकू लागला. पण त्याचे मन रमले ते मॅनहॅटन बुद्धिबळ मंडळात. विद्यापीठ सुटले, पट सुटला नाही. १९०९ साली त्याने अमेरिकेच्या फ्रँक मार्शलला आठ विरुद्ध एक अशा डावांनी नमविले. चौदा डाव बरोबरीत सुटले. १९२१ साली हवाना येथे इमानुएल लास्करला एकही डाव न हरता पराभूत करून तो जगज्जेता झाला. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, स्पर्धेतील एकही डाव तो हरला नव्हता.

अशा माणसाला आपल्या खेळात उणे ते काय दिसावे? त्याला दिसली ती बरोबरी. लास्करशी झालेल्या सामन्यात चौदा डाव खेळले गेले; त्यांतले दहा बरोबरीत सुटले. त्याला वाटले, थोर खेळाडूंना या पटावरच्या वाटा आता फार चांगल्या ठाऊक झाल्या आहेत. दोघेही चुकणार नसतील, तर कोणी जिंकणार नाही आणि हरणारही नाही. असा खेळ किती दिवस तग धरील? त्यावर त्याने सुचविलेला उपाय सरळ होता. पट मोठा करावा आणि सैन्यात नवे मोहरे घ्यावेत.

त्याचा नवा पट दहा घरे रुंद आणि आठ घरे खोल, म्हणजे ऐंशी घरांचा होता. दहा गुणिले दहा अशा पटाचाही त्याने विचार केला होता. परंतु पट खोल असला की दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडण्यास वेळ लागतो. म्हणून खोली आठच घरांची ठेवणे बरे ठरले. रुंदी वाढल्यामुळे प्रत्येक बाजूस दोन मोहरे आणि दोन प्यादी जास्त बसली. नव्या मोहऱ्यांपैकी एकाचे नाव चॅन्सेलर. तो हत्तीप्रमाणे सरळ जाई आणि घोड्याप्रमाणे उडीही मारी. दुसऱ्याचे नाव आर्चबिशप. आपण ज्याला उंट म्हणतो त्याला इंग्रजीत बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू म्हणतात. त्याहून वरचा तो आर्चबिशप. त्याला उंटाची तिरपी चाल होती आणि घोड्याची उडीही होती. वजीर हत्तीची आणि उंटाची चाल चालतो, पण घोड्याची उडी त्याला येत नाही. ती आता या दोघांना मिळाली.

या आर्चबिशपाची गंमत तुम्हांला घरच्या पटावरही पाहता येईल. शत्रूचा एकटा राजा पटाच्या कोपऱ्यात ठेवा. त्याच्यापासून तिरप्या रेषेत एक घर सोडून पुढच्या घरात एखादे बटण ठेवा आणि ते आर्चबिशप आहे असे समजा. तिरप्या चालीने राजाला शह बसतो आणि त्याचे तिरपे घरही अडते; राहिलेली दोन घरे घोड्याच्या उडीने अडतात. राजाला हलण्यास जागा नाही, म्हणजे मात झाली. कोणाच्याही मदतीवाचून एकट्याने अशी मात करणे आपल्या वजिरालासुद्धा साधत नाही! एडवर्ड लास्कर नावाच्या खेळाडूबरोबर कापाब्लांकाने या पटावर डाव खेळून पाहिले.

ही कल्पना सर्वस्वी त्याचीच होती असे नाही. सिसिली बेटावरील पिएत्रो कारेरा याने १६१७ साली आणि हेन्री बर्ड या इंग्रज खेळाडूने १८७४ साली अशाच चालींचे मोहरे सुचविले होते. आणि खेळाचे नियम बदलणे ही गोष्टच मुळी नवी नव्हती. वजीर एके काळी फक्त एक घर तिरपा सरके. त्याला आजचे बळ युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. आमच्या सोलापूरकडे वाड्याच्या ढेलजेत पट मांडून बसणारी जुनी मंडळी देशी पद्धतीने खेळत. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर पुढे जाई.

मग १९२७ साल उजाडले. अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स शहरात अलेक्झांडर अलेखिन याच्याशी त्याचा सामना ठरला. तोपर्यंत अलेखिनला कापाब्लांकाविरुद्ध एकही डाव जिंकता आला नव्हता. सामना दोन महिन्यांहून अधिक काळ चालला. चौतीस डाव झाले, त्यांतले पंचवीस बरोबरीत सुटले, आणि बत्तीस डावांची सुरुवात तर एकाच पद्धतीची होती. म्हणजे कापाब्लांकाची शंका अगदीच निराधार नव्हती. पण उरलेल्या नऊ डावांत अलेखिनने सहा जिंकले आणि कापाब्लांकाने तीन. शेवटचा डाव अर्धा राहिला होता. तो पुढे खेळण्यास न जाता कापाब्लांकाने पत्र पाठवून हार मान्य केली. जी चौसष्ट घरे त्याला अपुरी वाटत होती, त्याच घरांत त्याचा मुकुट गेला.

हरलेला माणूस नियम बदलण्याची भाषा बोलू लागला की लोक हसतात. कापाब्लांकाच्या वाट्यालाही ते आले. मोठा पट म्हणजे पराभवाचे निमित्त, असे काही टीकाकारांनी म्हटले. हा आरोप मला न्याय्य वाटत नाही; कारण मोठ्या पटाची सूचना त्याने जगज्जेता असतानाच केली होती. मात्र चौसष्ट घरांतली सारी गुपिते उलगडली आहेत हा त्याचा समज चुकीचा होता, हे अलेखिनने दाखवून दिले. पुन्हा सामना व्हावा म्हणून तो धडपडला. परंतु आव्हान देणाऱ्याने दहा हजार डॉलर उभे करावेत, असा नियम १९२२ साली लंडनमध्ये त्याच्याच पुढाकाराने झाला होता. अलेखिनने त्याच नियमावर बोट ठेवले. तो सामना कधीच झाला नाही.

आपल्या देशाशीही त्याची एकदा गाठ पडली. पंजाबचा मीर सुलतान खान हा देशी पद्धतीच्या खेळात वाढलेला. युरोपीय नियम तो मागाहून शिकला. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १९३०-३१ च्या स्पर्धेत या सुलतान खानाने कापाब्लांकाला हरविले.

ऐंशी घरांचा पट घरोघरी पोहोचला नाही. तथापि त्यामागची काळजी सरली नाही. बॉबी फिशर या अमेरिकन जगज्जेत्याने १९९६ साली दुसरा उपाय सुचविला. पट तोच, मोहरेही तेच. पण मागच्या ओळीतील त्यांच्या जागा प्रत्येक डावात बदलावयाच्या. ही योजना त्याने जाहीर केली तीही ब्युनोस आयर्स शहरातच. यासर सेरावान या खेळाडूने २००७ साली कापाब्लांकाचे दोन्ही मोहरे वेगळ्या नावांनी साध्या चौसष्ट घरांच्या पटावर आणले.

कापाब्लांका अखेरपर्यंत खेळत राहिला. १९३६ साली मॉस्को येथील मोठी स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. ७ मार्च १९४२ रोजी संध्याकाळी तो न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बुद्धिबळ मंडळात इतरांचा डाव पाहत होता. अंगावरचा कोट काढण्यासाठी त्याने मदत मागितली आणि तो खाली कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याचा देह हवाना येथे नेऊन तेथील कोलोन स्मशानभूमीत पुरण्यात आला. त्याच्या समाधीवर पांढऱ्या संगमरवरात कोरलेला बुद्धिबळातला एक मोठा राजा उभा आहे.