दात राखायला शिकविणारे डॉ. ब्लॅक

पिंपरी : येथील डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय असो वा देशातील अन्य कोणतेही, किडलेला दात दुरुस्त करायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक नाव पाठ करावेच लागते. ते म्हणजे डॉ. ग्रीन वार्डिमन ब्लॅक.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १८३६ मध्ये जन्मलेल्या ब्लॅक यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. एका दंतवैद्याकडे काही महिने उमेदवारी करून त्यांनी व्यवसाय थाटला. त्या काळी दातात भरलेली चांदी कधी आकसे, तर कधी फुगे. फटीतून कीड पुन्हा शिरे आणि अखेर दात गमवावा लागे. ब्लॅक यांनी चिकाटीने प्रयोग करून १८९५ मध्ये या मिश्रणातील धातूंचे योग्य प्रमाण ठरविले. जागेनुसार किडीचे पाच वर्गही पाडले. १९०८ मध्ये त्यांचा द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

खबरदारी म्हणून किडीलगतचा निरोगी भागही कोरावा, हे त्यांचे मत आता मागे पडले आहे. दाताला चिकटणाऱ्या, दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटमुळे आज कमीत कमी कोरले जाते. दात वाचविणे हे शास्त्र आहे, हा त्यांचा वारसा मात्र टिकून आहे.