वडिलांच्या पोटाला सोसेल असं औषध हवं होतं, त्यातून ॲस्पिरिन आली, असं सांगतात. पण पोटाचा प्रश्न सुटला का?

डोकं ठणकलं की एक गोळी. त्या गोळीने जळजळ झाली की वरून ॲसिडिटीची गोळी. घरोघरी चालणारा हा प्रकार तसा सव्वाशे वर्षं जुना आहे.

फेलिक्स हॉफमनचा जन्म १८६८ चा, जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गचा. म्युनिकमध्ये शिकून १८९४ मध्ये तो बायर कंपनीत लागला. असं सांगितलं जातं की त्याच्या वडिलांना संधिवात होता. त्यावर तेव्हा सोडियम सॅलिसिलेट द्यायचे. दुखणं कमी व्हायचं, पण पोटाचे हाल व्हायचे.

१० ऑगस्ट १८९७ ला हॉफमनने शुद्ध ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड बनवलं. १८९९ मध्ये त्याला ॲस्पिरिन हे नाव मिळालं. विशेष म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये त्याने हेरॉईनही बनवलं होतं, आणि बायर ते खोकल्याचं औषध म्हणून विकत होती!

पुढे श्रेयावरून वाद झाला. आर्थर आयशेनग्रुन हा ज्यू शास्त्रज्ञ नाझींच्या छळछावणीतून वाचला आणि १९४९ मध्ये त्याने लिहिलं की हे काम आपल्या सांगण्यावरून झालं. उत्तर द्यायला हॉफमन नव्हता. लग्न न केलेला हा माणूस १९४६ मध्येच स्वित्झर्लंडमध्ये वारला होता.

आणि पोटाचं काय? १९७१ मध्ये जॉन वेन यांनी कोडं उलगडलं. ॲस्पिरिन शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, म्हणून दुखणं थांबतं. पण पोटाच्या अस्तराचं रक्षणही तेच करतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकचंही तसंच.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• ॲसिडिटीची गोळी घेतली म्हणून या गटातल्या दोन गोळ्या एकत्र घेऊ नका.
• आतड्यात विरघळणाऱ्या, आवरण असलेल्या गोळीसोबत अँटासिड नको. आवरण पोटातच विरघळतं. दोघांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा.
• फसफसणाऱ्या पावडरमध्ये सोडियम भरपूर असतं. बीपी असेल तर जपून.
• पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण जास्त झाली तर लिव्हरला घातक.
• हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मनाने बंद करू नका.

शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर अँटासिड घेत बसू नका, थेट दवाखाना गाठा. जळजळ थांबली म्हणजे जखम भरली असं नसतं.