जामखेडला आलेली डॉक्टर

घरात किंवा शेजारी एखादं तान्हं बाळ असेल, तर अंगणवाडीतलं त्याचं कार्ड एकदा बघा. दर महिन्याला वजन होतं, कार्डावर टिंब पडतं, टिंबं जोडली की रेघ होते. रेघ वर चढतेय की आडवी पडलीय, हे ओळखायला डॉक्टरच लागतो का? नाही! आपल्याच जिल्ह्यातल्या, 'अडाणी' म्हणवल्या गेलेल्या बायांनी पन्नास वर्षांपूर्वी ते सिद्ध केलं. त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या डॉक्टर होत्या मेबल आरोळे.

मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. १९६० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे यांच्याशी लग्न झालं, तेव्हाच दोघांनी ठरवलं की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं. आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. तिथं लक्षात आलं, की दवाखान्यात आजार बरा होतो, पण त्याचं कारण गावातच राहतं. घाण पाणी, उपासमार, अंधश्रद्धा यांच्यावर गोळी नसते.

मग दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथंच राहता आलं असतं. पण १९७० मध्ये ते आले थेट दुष्काळी जामखेडला.

सुरुवातीचा बेत साधा होता. शिकलेल्या नर्स गावात राहतील, लेकरं आणि बाळंतिणी बघतील. तो काही जमला नाही. नर्सला खेड्यात एकटीनं राहणं जड जायचं आणि गावालाही ती परकी वाटायची. मग गावातलीच बाई निवडायची ठरली. निवडलेल्या बहुतेक जणी निरक्षर, कित्येक दलित. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. जन्मभर जात पाळलेल्यांना हा धडा सगळ्यात अवघड होता. मेबल त्यांच्यात बसून शिकवायच्या.

लेकरू तपासायचं म्हणजे त्याच्या वयाप्रमाणे बघायचं. नुकतं जन्मलेलं बाळ उबेत आहे ना, त्याला चीकदूध मिळालं ना? पाच-सहा महिन्यांत जन्माच्या वजनाच्या दुप्पट झालं का? सहा महिने झाल्यावर मऊ वरणभात सुरू झाला का? जुलाबात तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली, चिमटीत धरून सोडलेली पोटाची कातडी हळू परतली, तर अंगातलं पाणी आटलंय. तेव्हा १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजायचं, सोबत दवाखानाही गाठायचा. श्वास मोजतानाही वय बघायचं. शांत असताना मिनिटाला दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना.

यात न समजण्यासारखं काय आहे? पण गोवर म्हणजे देवीचा कोप मानणाऱ्या घरात हे सांगायला आपलंच माणूस लागतं. परक्या डॉक्टरचं जे ऐकलं नसतं, ते गल्लीतल्या बाईचं ऐकलं गेलं. पोरीच्या ताटात कमी का पडतं, हेही तीच विचारू शकली.

परिणाम? १९७१ मध्ये या गावांत हजारातली १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत होती. वीसेक वर्षांत हा आकडा विसाच्या आसपास आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे डॉक्टर आणि नर्स जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांच्या शिक्षकांत याच बाया होत्या.

मेबल १९९९ मध्ये गेल्या, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या जन्माआधी. त्यांचं काम शिकायला नर्सिंगलाच गेलं पाहिजे असं नाही. आज घरी गेल्यावर भाचीचं, पुतण्याचं ते कार्ड मागून घ्या. रेघ आडवी दिसली, तर गप्प बसू नका.